सासऱ्यांची सेवा थोडी कमी करा

पत्र (थोडं आखडून, ओळख पटेल असा तपशील गाळून) : «घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, ५८ वर्षांचे. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. बीपीची गोळी चालू होती, बरं वाटतं म्हणून पावसाळ्यात त्यांनीच बंद केली. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत सकाळी चहा पिता पिता कप उजव्या हातातून सुटला. तोंड वाकडं झालं, बोलणं लडबडलं. शेजारच्या काकूंनी वारं लागलं म्हणून तेल चोळलं, झोपू दिलं. दुपारी गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. यवतमाळला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. स्कॅन काढून डॉक्टर म्हणाले, गुठळी अडकली आहे, सकाळीच आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. घरी आणून सात आठवडे झाले. धरून चार पावलं चालतात, उजवा हात लोंबतो. बोलणं गेलं. ‘हो’ येतं आणि एक शिवी येते, ती मात्र स्वच्छ येते. माझ्यासमोर निघाली की त्यांनाच रडू येतं. सासूबाई घास भरवतात, कूसही त्याच बदलून देतात. मी बसवायला गेले तर म्हणतात, ‘पडू द्या ना त्याईले, काऊन तरास देता?’ पलीकडच्या तालुक्यात एक जाणकार आहे, तो कबुतराचं रक्त चोळतो आणि पुडी देतो, पण दवाखान्याच्या गोळ्या बंद कराव्या लागतात. दोन बकऱ्या विकून तिकडे न्यायचं घरात चाललं आहे. मामाजी बरे होतील का? आणि ताई, मला रात्री झोप येत नाही. कधी कधी त्यांचाच राग येतो. मी वाईट आहे का?»

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. सात आठवडे झोप नसलेल्या माणसाला राग येतो, त्यात वाईटपणा कसला! त्यावर पुढे सविस्तर बोलू. आधी तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीबद्दल, कारण ती पत्राच्या ओळीओळीत आहे : सकाळीच नेलं असतं तर?

खोटा दिलासा देत नाही. वेळेने फरक पडला असता. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही स्कॅन काढून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. काही रुग्णांमध्ये तारेने गुठळी ओढून काढता येते, त्याला थोडी जास्त मुदत मिळते, पण ती सोय मोठ्या शहरात. मोठी वाहिनी बंद पडली की मेंदूच्या दर मिनिटाला जवळपास १९ लाख पेशी मरतात. मात्र हे तुमच्या घरात कोणाला ठाऊक होतं? काकूंनी तेल चोळलं ते मायेनेच. तुमच्या गावात आजवर ज्याच्या अंगावरून वारं गेलं, त्याला असंच तेल लावून पांघरूण घातलं गेलं असणार. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या गावांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा निघालं, दर सात मृत्यूंमागे एक. आणि त्यातल्या बहुतेकांनी घरातच प्राण सोडला. साप चावला तर आपल्याकडे मोटरसायकल बाहेर निघते, लकव्याला मात्र बाज टाकली जाते. दोष द्यायचाच तर गावभर रुजलेल्या त्या सवयीला द्या, एका काकूला नको.

हे आत्ता सांगण्याचं कारण असं, की एकदा लकवा झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. तेव्हा घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोरापर्यंत सगळ्यांना हे पाठ हवं : अचानक तोंडाची एक बाजू ओघळली, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोबडी वळली, एकाएकी दिसेनासं झालं किंवा तोल जाऊन भिंत धरावी लागली, की तो लकवाच समजायचा. यातलं एक लक्षण दिसलं तरी पुरे. दहा मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरीही निघायचं. तो इशारा असतो, आणि खरा झटका पुष्कळदा पुढच्या एक-दोन दिवसांत येतो.

१०८ ला फोन करायचा आणि ‘लकवा झाला, आत्ता झाला’ असं स्पष्ट सांगायचं. गाडीला वेळ लागणार असेल तर गावातलं चारचाकी वाहन काढायचं. घड्याळ बघून ठेवायचं. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ही वेळ डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात. झोपेतून उठतानाच हात लुळा असेल तर रात्री झोपला तेव्हाची वेळ धरतात. तोंडात पाणी घालायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, बीपीची गोळी जिभेखाली ठेवायची नाही. रक्त पातळ करणारी गोळी तर मुळीच द्यायची नाही, कारण लकवा गुठळीने झाला की नस फुटून, हे स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही, मलाही नाही. आणि ज्या दवाखान्यात स्कॅनची सोय नाही तिथे सलाईन लावून घेण्यात तास घालवायचे नाहीत. तुम्हाला सर्वात जवळचं म्हणजे यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पलीकडे वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी. कुठे स्कॅन रात्रीही होतो आणि हे इंजेक्शन मिळतं, ते आजच आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. गाडीवाल्या दोघांचे नंबर चुन्याने भिंतीवर लिहा. मोबाइलमध्ये लिहिलेला नंबर ऐनवेळी सापडत नाही.

आता मामाजी बरे होतील का, याकडे येते.

पायात बळ लवकर येतं, हात मागून येतो आणि बोटं सगळ्यात शेवटी. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वात जास्त असतो, सहा महिन्यांपर्यंत तो बरा राहतो, त्यापुढे मंदावतो, पण थांबतोच असं नाही. सात आठवड्यांत ते धरून चार पावलं टाकतात ही चांगली खूण आहे. काठी घेऊन अंगणात, पुढे ओट्यावर जाऊन बसतील अशी आशा ठेवायला जागा आहे. उजव्या हाताने पूर्वीसारखी वखराची मूठ धरतील का, हे मी तपासल्याशिवाय सांगू शकत नाही आणि तपासूनही छातीठोक सांगणार नाही. मात्र हातातून काय होईल ते बऱ्याच अंशी पुढच्या काही आठवड्यांत त्या हाताला काय काम मिळतं यावर आहे. मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही. उरलेला भाग ते काम शिकतो, आणि तो शिकतो ते पुन्हापुन्हा केल्याने. दुसऱ्याने करून दिलेलं त्याच्या हिशेबात धरलं जात नाही.

म्हणून तुमच्या सासूबाईंचं वाक्य मला सर्वात महत्त्वाचं वाटलं. ‘पडू द्या ना त्याईले.’ त्या बाईने आयुष्य त्या माणसाच्या बरोबरीने शेतात काढलं असणार. आता तो पडला आहे, आणि त्याच्यासाठी जे जे करता येईल ते त्या करत आहेत. त्यांना ‘तुम्ही चुकताय’ असं म्हणू नका, ऐकणार नाहीत, आणि ऐकूही नये. असं म्हणा, की डॉक्टरीणबाईंनी लिहून पाठवलं आहे : भरवणं हे औषध बंद, जेवायला बसवणं हे औषध सुरू. सेवा तीच, फक्त हात मामाजींचे.

जेवणापासून सुरुवात करा. आधी गिळणं नीट आहे का ते पाहा. पूर्ण ताठ बसवून एक लहान चमचा पाणी द्या. ठसका लागला किंवा पाणी पिऊन आवाज घरघरीत झाला, तर पातळ पदार्थ देणं थांबवून डॉक्टरांना दाखवा, कारण अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत गेलेल्या पाण्याने फुप्फुसाचा ताप येतो आणि लकव्यानंतर तो जिवावर बेततो. गिळणं ठीक असेल तर मऊ वरण-भात, दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकर, लहान घास, हनुवटी थोडी खाली, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. बाजेवर जेवण नको. बाज मध्ये खोल जाते, पाठ गोल होते, घासही अडकतो आणि उठताही येत नाही. लाकडी पलंग किंवा पाठीची खुर्ची, समोर स्टूल किंवा उलटी ठेवलेली पेटी. चमच्याच्या दांड्याला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो जाड करा, म्हणजे कमजोर मुठीतही राहतो. पहिले चार घास उजव्या हाताने, तुमचा हात त्यांच्या मनगटाखाली, ओढायचा नाही, फक्त आधाराला. दमले की पुढचे डाव्या हाताने त्यांचे त्यांनी. सांडेल. अंगावर सांडेल, जमिनीवर सांडेल, सासूबाईंच्या जिवाची घालमेल होईल. त्यांना तेवढा वेळ चुलीपाशी काम द्या.

उजव्या हाताची एक गोष्ट मी प्रत्येक घरात जाऊन सांगते आणि प्रत्येक घरात ती मोडलेली दिसते : लुळा हात धरून माणसाला उठवायचं नाही. काखेत हात घालूनही नाही. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, हिसका बसला की सांधा निसटतो आणि मग महिनोन् महिने खांदा दुखतो. दुखऱ्या खांद्याचा माणूस व्यायाम करत नाही, तिथेच सगळं अडतं. उठवताना कमरेला पंचा किंवा जुनं धोतर घट्ट बांधून त्याला धरा, त्यांना पुढे झुकवा, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत त्यांच्याच पायांवर उभं राहू द्या. बसलेले असताना हात लोंबू देऊ नका, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवा, बोटं उघडी. सदरा घालताना लकव्याचा हात बाहीत आधी, काढताना शेवटी. हे एकदा कळलं की दहा मिनिटांचं काम तीन मिनिटांत होतं. काठी डाव्या हातात. हातात रबरी चेंडू देऊन दाब-दाब करायला लावू नका, मूठ मिटणं तसंही आपोआप होतं, अवघड असतं ते उघडणं.

आणि व्यायाम म्हणजे फक्त हात वर-खाली असं समजू नका. तुमच्या घरी आत्ता तुरीच्या ओल्या शेंगा असतील. सूप पुढ्यात ठेवा : उजव्या हाताने शेंग नुसती दाबून धरायची, डाव्याने सोलायची. वेचून आणलेल्या कापसातली पत्ती आणि कवडी काढायला बसवा. आधी डाव्या हाताने, मग उजव्याच्या अंगठ्याने आणि बोटाने जेवढं जमेल तेवढं. सुरुवातीला एक पत्ती निघायला मिनिट लागेल. ज्या हाताने जन्मभर कापूस वेचला त्याला ती हालचाल आतून माहीत असते, म्हणून रबरी खेळण्यांपेक्षा हे काम मला जास्त भरवशाचं वाटतं. दुसरं असं की, त्या सुपात पडलेल्या शेंगा संध्याकाळी खरोखर आमटीत जातात. घरात आपली गरज उरली आहे हे माणसाला कळायला याहून सरळ वाट नाही. दिवसातून तीन-चार वेळा, दमेपर्यंत नाही, पंधरा-वीस मिनिटं.

या सगळ्याच्या जोडीला फिजिओथेरपिस्टने एकदा तरी समोर बसून तुम्हाला शिकवायला हवं, कारण कागदावरून खांदा कळत नाही. यवतमाळला पुन्हा दाखवायला जाल तेव्हा त्याच दिवशी तिथल्या फिजिओथेरपी विभागात जा आणि व्यायामाचा मोबाइलवर व्हिडिओ करून आणा. रोज जाणं जमणार नाही हे तिथल्या लोकांनाही माहीत असतं. महिन्यातून एकदा नवे व्यायाम शिकून घेतले तरी चालतं.

शिवीचं सांगते. मामाजींची उजवी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला आहे, आणि बहुतेकांचं बोलणं तिथेच असतं. जुळवून, ठरवून बोलायचं ते गेलं. मात्र जे न ठरवता तोंडून निघतं, शिवी, ‘हो’, ‘अरे देवा’, एक-दोन-तीन-चार, आरती, ते मेंदू वेगळ्या वाटेने काढतो, म्हणून ते उरतं. ती शिवी ते तुम्हाला देत नाहीत. त्यांना ‘पाणी’ म्हणायचं असतं आणि तोंडातून ती निघते, आणि सुनेसमोर निघाली हे त्यांना पूर्ण कळतं. म्हणून रडतात. तेव्हा तुम्ही लाजून आत जाऊ नका. नेहमीच्या आवाजात म्हणा, ‘मामाजी, पाणी हवं का चहा?’ आणि दोन्ही दाखवा. त्यांना ऐकू कमी येत नाही, ओरडून बोलू नका. लहान वाक्य, एका वेळी एकच जण, आणि उत्तराला वेळ. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, मगच मदत करा. संध्याकाळच्या भजनाला त्यांना मंडळींमध्ये बसवा. पुष्कळांच्या बाबतीत बोलता न येणारा माणूस भजनाच्या ओळीत शब्द टाकतो आणि सगळे चकित होतात. वार मोजणं, नातवाबरोबर उजळणी, हेही करून पाहा. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल ‘आता काय राहिलं’ असं कोणी पाहुणा बोलायला लागला तर त्याला चहा देऊन वाटेला लावा. सगळं कळतं त्यांना.

आता कबुतर.

तुमच्या नातेवाइकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असणार, की त्या जाणकाराकडे गेलेला माणूस चालत आला. पाहिलं ते खरं असेल. पण लकव्यानंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेकांचं अंग थोडंफार सुधारतंच, औषध कोणतंही असो. त्या काळात जो भेटेल त्याच्या नावावर ते जमा होतं. कबुतराचं रक्त कातडीवर चोळून मेंदूपर्यंत काही पोचत नाही. तेवढ्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं, जा बापडे, मनाचं समाधान करून या. खरं भय आहे ते ‘गोळ्या बंद करा’ या अटीचं. मामाजींना बहुधा तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या असतील : रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, कोलेस्टेरॉलसाठी आणि बीपीसाठी. त्या आलेला लकवा बरा करण्यासाठी नाहीत, पुढचा येऊ नये म्हणून आहेत, आणि बहुतेकांना त्या जन्मभर घ्याव्या लागतात. म्हणूनच त्यांचा गुण डोळ्यांना दिसत नाही आणि त्या बंद करायचा मोह होतो. पावसाळ्यात त्यांनी तेच केलं होतं. शिवाय पुडीत काय असतं ते पुडी देणाराही सांगत नाही.

घरात वाद घालून तुम्ही एकट्या जिंकणार नाही. यजमानांना एवढंच सांगा की देवाला जा, अंगारा लावा, तेल हलक्या हाताने चोळा, माझी हरकत नाही, पण गोळी चुकणार नाही. गरम विटेचा शेक, तापलेलं तेल आणि जोराची मालिश मात्र नको. त्या बाजूला चटका कळत नसेल तर मोठा भाजलेला फोड आल्यावरच दिसतो. आणि बकऱ्या राहू द्या. पैसे खर्च करायचेच असतील तर मध्ये भोक पाडलेली शौचाची खुर्ची घ्या, संडासात आणि पडवीत धरायला बांबू पक्के बसवा, हातात बांधायचं बीपीचं मशीन घ्या. बहुतेक गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, न मिळाल्यास डॉक्टरांना मिळणारा पर्याय विचारा. स्वतःच्या मनाने बदलू नका. बीपी साधारण १३०/८० च्या खाली राहावं असं पाहतात, मामाजींसाठी नेमका आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. ‘बीपी नॉर्मल आला’ याचा अर्थ गोळी काम करत आहे, एवढाच.

पत्रात तुम्ही खर्ऱ्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीबद्दल, काही लिहिलं नाही, पण यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी म्हटल्यावर मी विचारल्याशिवाय राहणार नाही. खात असतील तर बंद. बिडी असेल तर तीही. भेटायला येणारा मित्र प्रेमाने पुडी सोडून चूर हातावर ठेवतो, त्या मित्राशी यजमानांनी बोलायचं. मिठाचं म्हणाल तर भाजीतलं थोडं कमी करून भागत नाही, खरं मीठ लोणच्यात, पापडात, सांडग्यांत आणि ठेच्यात असतं. सबंध दिवसाचं मिळून एका माणसाला एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. आणि तिशी ओलांडलेल्या घरातल्या सगळ्यांनी, तुम्ही आणि यजमानांनीही, उपकेंद्रात जाऊन बीपी आणि साखर मोजून घ्या. काकूंनाही सोबत न्या.

त्यांचं रडणं आणि चिडणं यातलं काही शिवीमुळे आहे, काही परावलंबी झाल्याचं आहे, पण काही थेट आजाराचंच असू शकतं. लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. जेवण टाकणं, रात्र रात्र जागं राहणं, व्यायामाला तोंड फिरवणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे आणि ते चालू झालं की व्यायामालाही गती येते. मनाच्या त्रासासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो त्यांच्यासाठी आहे तसा तुमच्यासाठीही आहे.

आणि तुमचं. पत्रात सासूबाई आहेत, काकू आहेत, जाणकार आहे, बकऱ्यासुद्धा आहेत. यजमान फक्त बकऱ्या विकण्याच्या वाक्याच्या मागे कुठेतरी असावेत. वेचणीचा हंगाम आहे, मजुरी आहे, मला कळतं. तरी बापाची अंघोळ आणि संध्याकाळचं चालणं हे मुलाने करायचं काम आहे. सासऱ्यांना सुनेच्या हातून अंघोळ करून घ्यायची लाज वाटते, ते बोलता येत नसल्याने सांगू शकत नाहीत, एवढं कारण यजमानांना पुरावं. दीर-नणंद बाहेरगावी असतील तर पैसे पाठवून मोकळं होऊ देऊ नका. त्यांनी महिन्यातून दोन दिवस यायचं आणि त्या दोन दिवसांत तुम्ही माहेरी जायचं किंवा नुसतं झोपायचं. बचत गटातल्या बायांना विचारा, दुपारचा तासभर कोणी येऊन बसेल का. गावात विचारलं की माणसं येतात, न विचारता येत नाहीत, कारण ‘आजारी घर आहे, कसं जावं’ असं प्रत्येकाला वाटतं. भजनी मंडळाच्या दोघांनी मामाजींना रोज संध्याकाळी पारापर्यंत चालवत न्यायचं, एवढं जरी ठरलं तरी तुम्हाला एक तास मिळेल आणि त्यांना चार माणसं.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत यजमानांना उठून बोलायला लावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो नुसता पडून असतो किंवा वर्षअखेरीला घाईने काहीतरी वाटलं जातं. शौचाची खुर्ची, वॉकर, घरापर्यंतचा उतार यांसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दिव्यांग प्रमाणपत्र इतक्यात मिळणार नाही, सुधारणा होत असताना टक्केवारी ठरवत नाहीत. काही महिन्यांनी डॉक्टर सांगतील तेव्हा काढा, मग तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचं विचारता येईल. पुढे कधी भरती करायची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार एकाच पिशवीत ठेवलेले बरे. त्याच पिशवीत स्कॅनची फिल्म आणि गोळ्यांची चिठ्ठीही.

पुढच्या काही आठवड्यांत लक्ष कशावर ठेवायचं ते सांगून थांबते. लकव्याच्या पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, फिट आली, कमरेवर किंवा टाचेवर कातडी लाल होऊन तो लालसरपणा जाईना, किंवा पडले आणि डोक्याला लागलं, यातलं काहीही झालं तर वाट बघू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याचा मार बाहेरून लहान दिसला तरी स्कॅन काढावा लागतो. आणि जेवताना ठसके लागून ताप आला, तर तोही त्याच दिवशी दवाखान्यात.